आमच्या खर्जाला डीजेच्या पापात ओढू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या शहर पुरवणीच्या पहिल्या पानावर 'बेसचा कहर' असा मथळा होता. तावदानं थरथरली, म्हाताऱ्या माणसांना धाप लागली, लहान मुलं दचकून उठली, असं सगळं बातमीत होतं. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी नागपूरच्या महाल भागात राहते, मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते. आई ७८ वर्षांची आहे. त्या रात्री ती स्वयंपाकघरातल्या फडताळाला दोन्ही हातांनी धरून उभी होती, कारण पितळी डबे एकेक बोट पुढे सरकत होते आणि वरचा एक तिच्या पुढ्यात येऊन पडला होता. तेव्हा तक्रारीशी माझं भांडण नाही. भांडण मथळ्यातल्या पहिल्या शब्दाशी आहे.

मी एकोणीस वर्षं बेस गिटार वाजवते. मथळा वाचून शेजारच्या काकू दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "तुझंच नाव आलं ना वो पेपरात?" ते हसण्यावारी नेलं. पण पुढच्या शनिवारी जे झालं ते हसण्यावारी नेता आलं नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, फक्त आवाज मोजणाऱ्या मीटरचा भाग ठेवा.

शहरातल्या एका सभागृहात जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम होता. नागपुरात असे कार्यक्रम आठवड्याला चार होतात. निवृत्त मंडळी गातात, प्रवेश मोफत, पुढच्या दोन रांगा राखीव. हल्ली बहुतेक ठिकाणी कराओके ट्रॅक लावून काम भागवतात. आमच्यासारखा हाडामांसाचा वाद्यवृंद अजून बोलावतात त्यांचे उपकारच मानायचे. ढोलक, तबला, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, लीड गिटार आणि मी. माझ्या मागे चाळीस वॅटचा छोटा अ‍ॅम्प असतो, त्यातून माझं मला ऐकू येतं. सभागृहाला ऐकू जातं ते मिक्सरमधून, मोठ्या स्पीकरवर. म्हणजे मिक्सरवर माझा आवाज कोणी बंद केला तर मला स्टेजवर पत्ता लागत नाही. मी आपली मान डोलावत वाजवत राहते.

तसंच झालं. तिसऱ्या गाण्यापासून गायिका सुरापासून वर सरकायला लागली. ढोलकवाले काका दोनदा वळून माझ्या हातांकडे बघून गेले. मध्यंतरात म्हणाले, "तू वाजवून राहिली का नुसती बोटं फिरवून राहिली?" त्यांच्या बाजूच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, मी नव्हतेच. चहाच्या टेबलापाशी एक आजोबा भेटले, दर कार्यक्रमाला येतात, कोणाची स्तुती करत नाहीत. ते म्हणाले, "आज डग्गा फुटल्यासारखं वाटून राहिलं. तबला आहे, पण डग्गा नाही."

मी मिक्सरपाशी गेले. माझ्या पट्टीवर म्यूटचं लाल बटण पेटलेलं. साउंडवाले भाऊ बिचारे संकोचले. म्हणाले, आयोजकांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, पेपरात आलं आहे, बेस बंद ठेवा. आता मिक्सरवर प्रत्येक वाद्याच्या पट्टीखाली कागदी टेप चिकटवून नाव लिहिलेलं असतं. माझ्या टेपवर मार्करनं 'बेस' लिहिलेलं होतं. त्यांनी 'बेस' शोधला आणि बंद केला. गंमत पुढेच आहे. ऑक्टोपॅडवर वाजणारा किकचा, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, ज्याची खरी धडधड पोटात जाते, तो सबवूफरमधून, म्हणजे फक्त खालचे आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरमधून, पहिल्यापासून शेवटपर्यंत मजेत वाजत होता. त्याच्या टेपवर 'पॅड' लिहिलेलं होतं ना.

या घोळाचं मूळ शब्दात आहे. साउंडच्या धंद्यात सबवूफरच्या खोक्यालाच 'बेस' म्हणतात. वरचे आवाज काढणारे ते 'टॉप'. 'चार बेस, चार टॉप' असा भाव ठरतो. वाळूवर बांधलेल्या घरापासून ते इंग्रजीच्या व्याकरणापर्यंत 'बेस पक्का पाहिजे' म्हणणारा बेस वेगळा. आणि माझ्या गळ्यात अडकवलेला बेस तिसरा. देवनागरीत तिघांचं स्पेलिंग एक, म्हणून तिघांची बदनामी एक.

आपल्याकडे याला चांगला जुना शब्द आहे, खर्ज. तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यावर ही तार साधारण ६९ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६९ कंपनांवर बोलते. बेस गिटारच्या चार तारा म्हणजे ई, ए, डी, जी. त्यातली सगळ्यात जाड ई ४१ हर्ट्झवर, म्हणजे त्या खर्जाच्याही बरीच खाली. तरी ती स्वर आहे. तिला सा आहे, तिला पंचम आहे, ती चुकली तर बेसूर वाटते. धडधडीला बेसूर होता येत नाही, एवढा फरक मी कोणालाही पाच मिनिटांत ऐकवू शकते.

'दोन तारा तुटल्या का?' हा प्रश्न मी आजवर किती वेळा ऐकला त्याचा हिशोब सोडून दिला आहे. हे वाद्य माझ्या भावानं घेतलं होतं. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि ते दीड वर्ष माळ्यावर धूळ खात पडलं. जुना यामाहा, रंग उडालेला. दिवाळीच्या साफसफाईत खाली काढला आणि परत वर ठेवायचा राहिला. तारेची लांबी ३४ इंच असल्यामुळे एकूण वाद्य जवळपास माझ्या छातीपर्यंत येतं. पाठीवर घालून दुचाकीवर निघालं की प्रत्येक बुटक्या फाटकातून वाकून जावं लागतं. नागपूरचा उन्हाळा त्याला सोसत नाही. मे महिन्यात लू सुटली की लाकूड आकसतं आणि मानेवरच्या पडद्यांची, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांची टोकं कडेनं बाहेर येऊन तळहाताला टोचतात. कूलरच्या झोतात ठेवलं तर दमट हवेनं पुन्हा फुगतं. पावसाळ्यात मान वाकून तारा वर उचलल्या जातात. मग मानेच्या आतल्या ट्रस रॉडला, म्हणजे मान सरळ ठेवणाऱ्या सळईला, अ‍ॅलन की लावून पाव आटा फिरवायचा, रात्रभर थांबायचं, सकाळी पुन्हा बघायचं. गिटार दुरुस्त करणारा एक जण घाईत पूर्ण आटा फिरवत होता, तेव्हापासून मी हे काम कोणाला देत नाही.

हे वाद्य काही फार जुनं नाही. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी हे काम उभा डबल बेस करायचा, माणसापेक्षा उंच, आणि ड्रम-ट्रम्पेटच्या गदारोळात त्याचा आवाज बुडायचा. फेंडर यांनी गिटारसारखे पडदे बसवले, त्यामुळे बोट नेमक्या स्वरावर पडू लागलं, म्हणून नाव प्रिसिजन. आज कोणत्याही दुकानात जो बेस दिसतो तो बहुतेक त्याचाच नातू असतो. आपल्या सिनेसंगीतात आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवायचे. ए. आर. रहमान यांच्याबरोबर कीथ पीटर्स वाजवतात. मुंबईच्या मोहिनी डे यांनी तर जगभरच्या मंचांवर हे वाद्य नेलं. माझ्या कॉलेजातल्या मुली त्यांचे व्हिडिओ मला दाखवायला आणतात, तेव्हा अंगावर मूठभर मांस चढतं. आणि चरणजित सिंग, सिनेमातले गिटार आणि बेस वाजवणारे वादक, त्यांनी १९८२ साली रोलँडचं टीबी-३०३ हे बेसचं यंत्र साथीला घेऊन आपले राग वाजवले आणि तबकडी काढली. त्या वेळी ती कोणी फारशी घेतली नाही. वीसएक वर्षांनी परदेशातल्या लोकांना ती सापडली आणि ते चकित झाले. या सगळ्यांची नावं नागपुरात विचारली तर मोहिनी डे सोडून बाकी कोणाचं ऐकायला मिळणार नाही. गाणी मात्र सगळ्यांना पाठ आहेत.

आता मीटर. मी एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, त्यामुळे ध्वनिमापक माझ्या कपाटात असतो. त्यावर एक बटण असतं, एका बाजूला ए, दुसऱ्या बाजूला सी. ए लावलं की मीटर माणसाच्या कानाची नक्कल करतं. हळू आवाजात आपला कान खालचे स्वर कमी ऐकतो, म्हणून मीटरही ते कापून दाखवतं. हे कापणं ठरलेलं आहे. १००० हर्ट्झला शून्य. १०० हर्ट्झला १९ डेसिबल. ५० हर्ट्झला ३०. ४० हर्ट्झला जवळपास ३५. सीवर मात्र ५० हर्ट्झला कापलं जातं जेमतेम एक-सव्वा डेसिबल. आम्ही प्रयोगशाळेत सिग्नल जनरेटरवर ५० हर्ट्झ लावून मुलांना दाखवतो: स्पीकर तोच, आवाज तोच, बटण सीवरून एवर सरकवलं की आकडा जवळपास तीसनं खाली. टेबलावरचं बीकर तेवढंच थरथरतं.

आपल्या देशाचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५, रुग्णालय-शाळा-न्यायालयाभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. लाउडस्पीकर वाजतो त्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा दहा जास्त किंवा ७५, यातलं जे कमी ते. हे सगळे आकडे डेसिबल 'ए'मध्ये आहेत. त्याचा अर्थ आमच्या मुलांना मी असा समजावते: व्यापारी विभागात दिवसा कोणी ५० हर्ट्झचा निव्वळ १०० डेसिबलचा दणका दिला, तर ए मीटरवर ७० दिसतील. मर्यादा ७५. कागदावर गुन्हा नाही. घरात आईचे डबे फडताळावरून खाली.

मिरवणुकीच्या रात्री मी मीटर घरी आणलं होतं. वरच्या माडीवरून बघितलं. ए आणि सीच्या आकड्यांत वीसच्या वर अंतर होतं. खिडक्या लावल्या तेव्हा ए खाली आला, सी फारसा हलला नाही. हलणार कसा? ४१ हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, अठ्ठावीस फूट. आमचं अख्खं घर अठरा फूट रुंद आहे. अशा लाटेला खिडकीच्या काचेचं आणि अर्ध्या विटेच्या भिंतीचं काही वाटत नाही. गाण्याचे शब्द भिंतीपाशी अडतात, ठोका आत येतो, म्हणून गल्लीच्या आत राहणाऱ्याला गाणं कोणतं ते कळत नाही आणि झोपही लागत नाही.

साउंडचं काम करणारा एक मुलगा आमच्याच कॉलेजातून बाहेर पडलेला आहे. त्याच्याकडे अठरा इंची सबची खोकी आहेत, धुमाळवाल्यांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या वाजंत्री पथकांच्या गाडीवरही तीच जातात. तो मला ताई म्हणतो आणि माझ्याशी खोटं बोलत नाही. त्यानं सांगितलं, पोलिसांची गाडी दिसली की टॉप उतरवायचे, सबला हात लावायचा नाही. मीटर गप्प बसतं, पोरं नाचत राहतात. यात तो लबाडी करतो असं त्याला वाटतही नाही. त्याला मीटर हातात घेतलेल्या माणसाला काय दिसतं ते ठाऊक आहे, इतकंच.

मी त्याला म्हटलं, तुझ्या खोक्यांत स्वरच नाहीत. ती खोकी एकाच पट्टीत घुमायला बनवलेली असतात. आत कोणताही खालचा स्वर घाला, बाहेर तोच एक 'घुम्म' पडतो. त्याचा विश्वास बसेना. म्हणून एका दुपारी त्याच्या गोदामात माझा बेस त्याच्या मिक्सरला लावला, आवाज बेताचा ठेवला आणि ई तारेवर एकेक पडदा चढत गेले. पहिले तीन पडदे नुसतेच फुसफुसले. चौथ्या-पाचव्याला अचानक शटर खडखडलं, वरच्या पत्र्यावरून माती पडली. सहाव्या-सातव्यापासून पुन्हा कमी. बोट माझं तेवढ्याच जोरानं पडत होतं. मग त्यानं साधे, कमी घुमणारे स्पीकर लावून दिले, त्यावर तेच वाजवलं, सगळे पडदे सारखे आले. मला वाटलं पटलं याला. तो थोडा वेळ ऐकत बसला आणि म्हणाला, "ताई, सूर ऐकू येऊन राहिला, पण लागून नाही राहिला." छातीत लागत नाही, असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाईक पैसे देतं ते लागण्याचे. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

(तान्ह्या पोळ्याच्या मारबतीच्या मिरवणुकीत दरवर्षी नवे बडगे, म्हणजे पुतळे निघतात, महागाईचे, पुढाऱ्यांचे. पुढच्या वर्षी एका मंडळानं अठरा इंची खोक्याचा बडग्या काढावा. मी स्वतः वर्गणी देईन.)

आयोजकांकडे वळते, कारण डीजे तर सुधारायचे तेव्हा सुधारतील. बेसला भ्यायचं सोडून ज्याला खरोखर भ्यावं अशी एक गोष्ट दर दुसऱ्या मांडवात असते, ती म्हणजे अर्थिंग. ते नीट नसलं की स्पीकरमधून घरघर येते, विजेची, ५० हर्ट्झची. ई तारेवरच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी ४९ हर्ट्झ आहे. म्हणजे मी जी धरला की घरघर त्याच्या जरा वर बेसूर रेंगाळते, आणि मला ते दातात खडा आल्यासारखं होतं. ही घरघर घालवायला काही ठिकाणी प्लगची अर्थची जाड पिन मोडून टाकतात. घरघर जाते. पण बेसच्या तारा अ‍ॅम्पमार्फत त्याच अर्थला जोडलेल्या असतात. मी कोरसला मायक घेते. एका मांडवात तारांवर हात ठेवून मायकला ओठ लावला आणि असा झटका बसला की दोन दिवस ओठ बधिर होता. मांडव ओला असता तर हे पत्र दुसऱ्या कोणाला लिहावं लागलं असतं. मंडळाचे कार्यकर्ते म्हणाले, "तुमच्याच वाद्यात काही तरी दोष असन." त्या दिवसापासून माझ्या बॅगेत जास्तीच्या पिकच्या डबीशेजारी सॉकेट टेस्टर असतो, आणि तो लावून बघितल्याशिवाय मी जॅक घालत नाही. लोक हसतात. हसू देत.

आपल्याकडे मागणं दोन-तीनच आहे. मिरवणुकीच्या आवाजावर पुन्हा लिहाल तेव्हा, आणि लिहायलाच हवं, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून आणि पोलिसांकडून फक्त ए आकडा घेऊ नका. त्याच जागी, त्याच वेळी सी आकडा किती होता ते विचारा. दोन आकडे शेजारी छापा. दोघांत वीस-पंचवीसचं अंतर दिसलं की वाचकांना त्यांची तावदानं का वाजत होती ते कळेल, आणि नियमात 'सी'ची वेगळी मर्यादा का हवी, हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. रात्री दहानंतर वर्षातले पंधरा दिवसच बारापर्यंत सूट देता येते, हेही चौकटीत छापलं तर बरं. आमच्या गल्लीत सर्वांना वाटतं की गणपतीचे दहाही दिवस पहाटेपर्यंत मुभा आहे.

मथळ्यात 'सबवूफर' लिहा, 'डीजेचा दणका' लिहा, 'ठोका' लिहा. कॉलमात बसत नसेल तर 'धडधड' लिहा, चारच अक्षरं आहेत.

शेवटचं थोडं वैयक्तिक. म्यूटवाल्या त्याच कार्यक्रमाची बातमी आपण मंगळवारी छापली, आभार. गायकांची नावं आली, ढोलक, तबला, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि गिटार यांची साथ आली. बेस आला नाही. छायाचित्रात मी उजवीकडून दुसरी आहे, खाली ओळ आहे 'गिटारवर साथ करताना'. लीड गिटारवाला मुलगा तेव्हापासून मला 'सर' म्हणून हाक मारून राहिला आहे. दुरुस्ती छापायची झाली तर एक ओळ पुरे.

आपल्या वार्ताहराला बटणाचा प्रयोग बघायचा असेल तर शनिवारी दोननंतर प्रयोगशाळा रिकामी असते. मीटर सोमवारी सकाळी कपाटात परत हवं, त्याची नोंद असते.

आपली,
एक बेसवादक
महाल, नागपूर
(नाव प्रसिद्ध करू नये)